त्वचारोपण झाल्यावर घरी काय सांभाळायचं

मांडीची पातळ कातडी काढून भाजलेल्या जागी लावली, की घरातले सगळे नव्या जागेकडेच बघत बसतात. दुखते मात्र बहुधा मांडी! ती साधारण 10 ते 14 दिवसांत भरते. तिथलं चिकटलेलं ड्रेसिंग ओढू नका, भरेल तसं ते सुटतं.

लावलेली कातडी पहिले एक-दोन दिवस खालून झिरपणाऱ्या द्रवावरच तगते. मग रक्तवाहिन्या जोडल्या जातात, म्हणून पहिला आठवडाभर ती जागा घासू किंवा हलवू द्यायची नाही. पू, घाण वास किंवा ताप आला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता सर्जनला दाखवा.

आधी लालसर-जांभळी दिसणारी ही कातडी सावळ्या माणसांत पुढे बऱ्याचदा काळवंडते. ऊन लागलं की आणखीच, तेव्हा झाकूनच बाहेर पडा. तिच्यात तेल-घामाच्या ग्रंथी जवळपास नसतात, त्यामुळे ती कोरडी पडते, खाजते. जखम पूर्ण भरल्यावर डॉक्टरांना विचारून दिवसातून दोन-तीनदा खोबरेल तेल किंवा बिनवासाचं क्रीम हलक्या हाताने चोळा.

खरा त्रास आखडण्याचा. कोपर, मान, बोटं अशा सांध्यांवर कातडी महिनोन्‌महिने आवळत जाते. फिजिओथेरपिस्टने दिलेले व्यायाम आणि स्प्लिंट (सांधा नीट स्थितीत धरून ठेवणारा आधार) कंटाळा आला तरी सोडू नका. घट्ट प्रेशर गारमेंट दिलं असेल, तर ते बहुधा आंघोळीपुरतंच काढायचं असतं. उकाड्यात नकोसं होतं, कबूल.

संवेदना हळूहळू आणि अर्धवट परतते. तोवर गरम पाणी आधी दुसऱ्या हाताने तपासा.