पावसाच्या दोन नोंदी स्वतंत्र आहेत म्हणताय? या चुका टाळा

२६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, कुलाब्याला जेमतेम ७४. हे आकडे पुढे करून 'दोन्हीकडच्या पावसाचा एकमेकांशी संबंधच नाही' म्हणणारे आजही भेटतात. एका दिवसावरून तसं ठरत नाही. कुलाब्याचं कळल्यावरही सांताक्रूझबद्दलचा अंदाज तसूभरही बदलत नसेल, तरच त्या नोंदी स्वतंत्र.

पडताळा सोपा आहे. जून ते सप्टेंबर १२२ दिवस. समजा, कुलाब्याला ८० दिवस पाऊस झाला आणि सांताक्रूझला ८४. स्वतंत्र असतील तर दोन्हीकडे पावसाचे दिवस ८०×८४÷१२२, म्हणजे ५५ च्या आसपास निघावेत. ७४ दिवस निघाले तर प्रश्न मिटला: नोंदी स्वतंत्र नाहीत.

पण ६१ निघाले तर? मग लोक काय-वर्ग चाचणी (अपेक्षित आणि मोजलेल्या संख्येतला फरक निव्वळ योगायोग असू शकतो का, हे बघणारी) लावतात आणि १२२ दिवस म्हणजे १२२ सुट्या नोंदी धरतात. खरं तर झड लागली की चार-चार दिवस हटत नाही; कालचा दिवस आजच्यात उतरलेला असतो. तापमान आणि हवेचा दाब तर याहून चिवट. दोन्ही ठिकाणच्या अशा मालिकांत आज-कालचा सहसंबंध (१ म्हणजे पूर्ण जुळणी, ० म्हणजे काहीच नाही) ०.८ असेल, म्हणजे ०.८×०.८ = ०.६४, तर १२२×(१−०.६४)÷(१+०.६४), म्हणजे हाती उरतात फक्त २७ नोंदींएवढी माहिती. पाच टक्के पातळीला (संबंध नसताना केवळ योगायोगाने तसं दिसण्याची शक्यता पाच टक्के) जिथे ०.१८ चा सहसंबंध पुरेल असं वाटत होतं, तिथे आता ०.३८ लागतो.

वर्षभराचे आकडे एकत्र कालवू नका. मग पणजी आणि नागपूरचा पाऊसही घट्ट जोडलेला दिसेल, कारण पावसाळा दोन्हीकडे एकाच सुमारास येतो. त्या-त्या तारखेची अनेक वर्षांची सरासरी वजा करा, नाहीतर फक्त जुलैपुरतं बघा.

वाऱ्याची दिशा अंशांत तशीच वापरू नका. ३५९ आणि १ हे शेजारी आहेत, पण सरासरी येते १८०, म्हणजे थेट उलटी दिशा!

आणि तारखा तपासा. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. ते ९४४ मिलिमीटर २७ जुलैच्या सकाळी मोजलेले, म्हणजे २७ तारखेच्या नावावर. मी एकदा खात्याची अशी फाइल मध्यरात्री दिवस बदलणाऱ्या स्वयंचलित केंद्राच्या फाइलला तारखेवरून जोडली. शेजारशेजारची दोन पर्जन्यमापकं जवळपास स्वतंत्र निघाली, आणि मी दोन दिवस त्याची कारणं शोधत बसलो. एक ओळ वर सरकवली, संबंध परत आला.