कुत्रं ओढतंय म्हणून जाड साखळी आणताय? थांबा जरा, या चुका टाळा

कोल्हापुरात रंकाळा तलावावर सकाळी सहाला गेलात तर पट्टा ताणलेली चार-पाच कुत्री आणि त्यांच्या मागं तिरके झालेले मालक हमखास दिसतात, त्यातला एक वर्षभर मी होतो. बंड्या आमचा लॅब, म्हणजे लॅब्राडोर, ३१ किलो. ओढतोय म्हटल्यावर मी काय केलं तर आधी जाड पट्टा आणला, मग त्याहून जाड, मग साखळी. पहिली चूक हीच. जाड साखळी तुटत नाही एवढंच, ओढणं काही कमी होत नाही. हुक गळ्यावर लागतो, पाठीवर की छातीवर, सगळा खेळ त्यावर आहे. आणि दुकानात जाऊन आपण नुसतं ‘कुत्र्याचा बेल्ट द्या’ म्हणतो, गळ्यातला की हातात धरायचा तेही सांगत नाही, मग दुकानदार समोर टांगलेलं काढून देतो आणि आपण घेऊन येतो.

गळ्यातल्या पट्ट्याला हुक लावून ओढू दिलं तर श्वासनळीवर दाब येतो, ते खर्र खर्र खोकणं त्यातलंच (थांबल्यावरही खोकला चालूच राहिला तर डॉक्टरला दाखवा, पट्टे बदलत बसू नका). पगसारख्या चपट्या तोंडाच्या कुत्र्याला तर गळ्याला धरून फिरवूच नका, श्वासाचा त्रास आधीच असतो आणि गळा आवळला की डोळ्यावरचा दाबही वाढतो. चोक चेन (ओढली की गळा आवळणारी साखळी) आणि काटेरी पट्टा ‘शिस्त लागते’ म्हणून विकतात. दुखतं म्हणून थांबतं ते, शिकून नाही. उलट समोर दुसरं कुत्रं दिसलं की गळा दुखतो, असं डोक्यात बसलं तर पुढं प्रत्येक कुत्र्यावर भुंकायला लागतं. साधा गळपट्टा असू दे, पण नाव-नंबरचा बिल्ला अडकवायला.

मग कुणीतरी सांगितलं हार्नेस घे, म्हणजे गळ्याऐवजी छाती-पाठीवरून अंगात घालायचा पट्टा. घेतला, मऊ, भारीतला, पाठीवर हुक असलेला, आणि बंड्या दुप्पट ओढायला लागला! शेजारच्या मामांकडं म्हशी आहेत, ते बघून म्हणाले, “अरे खांद्यावर जू दिलंस की त्याच्या, ओढंल न्हाईतर काय करंल?” बरोबरच होतं. बर्फात गाडी ओढणाऱ्या कुत्र्यांना पण दोर मागंच लावतात, जोर छाती-खांद्यावर पसरतो, कुठं टोचत नाही. शांत चालणाऱ्याला तो हार्नेस लई चांगला, ओढणाऱ्याला नाही.

ओढणाऱ्यासाठी छातीवर रिंग असलेला बघा. पुढं झेपावलं की लीशमुळं (हातात धरायच्या पट्ट्यामुळं) अंग आपल्याकडं वळतं, सरळ जोर लावताच येत नाही. फक्त छातीवरचा पट्टा खांद्यांवरून आडवा जाणारा नको, त्यानं पुढचे पाय मोकळे पडत नाहीत, इंग्रजी वाय आकाराचा घ्या. रिंग सारखी एका बाजूला सरकत असेल तर पट्टे सैल आहेत. काखेतले केस गेले, कातडी लाल झाली तर पट्टा काखेत घुसतोय, तो दोन-तीन बोटं मागं हवा.

मापाची चूक मी स्वतः केलीय. ‘लॅब आहे, लार्ज द्या’ असं म्हणून आणला होता. गंगावेशीत दूध कट्ट्याजवळ म्हशी बघून बंड्या बिचकला, मागं सरकला, डोकं खाली घातलं आणि अख्खा हार्नेस माझ्या हातात, कुत्रं रस्त्यावर. नशीब, एका दूधवाल्यानं मानगूट धरली. तेव्हा शिंप्याचा टेप घ्या, पुढच्या पायांच्या मागं छातीचा सगळ्यात मोठा घेर मोजा आणि घातल्यावर प्रत्येक पट्ट्याखाली दोन बोटं सहज जातात का बघा. पिल्लू असेल तर दर आठ-पंधरा दिवसांनी परत बघायचं. मुधोळ-कारवान ही सडपातळ शिकारी कुत्री पाळणाऱ्यांनी जास्तच जपा, डोकं निमुळतं, मान जवळपास तेवढीच, छाती खोल आणि कंबर बारीक, साधा पट्टा सुळकन निघतो. त्यांच्यासाठी मार्टिंगेल नावाचा गळपट्टा मिळतो, ओढला की ठराविक मापापर्यंतच आवळतो, पण तोही गळ्यातच असतो, म्हणजे सुटू नये म्हणून, ओढणं थांबवायला नाही.

तोंडावरचा हेड हॉल्टर म्हणजे सरळ म्होरकीच समजा. फार ताकदवान कुत्र्याला उपयोगी आहे, पण घरात खाऊ देत हळूहळू सवय लावावी लागते आणि हिसका अजिबात द्यायचा नाही, मान दुखावते. माझ्यानं तेवढा धीर धरवला नाही, म्हणून घेतला नाही.

आणि ते बटणाचं, आपोआप गुंडाळणारं लीश! स्प्रिंगमुळं दोरी कायम ताणलेली, म्हणजे ओढलं की आणखी मोकळं मिळतं हेच आपण रोज शिकवतो. रंकाळ्याच्या गर्दीत पातळ दोरी कुणाच्या पायात गेली तर कापतेच. पाच-सहा फुटांचं साधं लीश घ्या, आणि कुठलंही असू दे, बोटांना गुंडाळून धरू नका.

चप्पलवाल्याकडून चामड्याचा पट्टा करून घेण्याची आपल्याकडं हौस असते, मीही घेतला, दिसायला नाद खुळा. पण कोल्हापूरचा पाऊस! जुलैत भिजून सैल पडला, भोकं ताणली, वासानं घर भरलं. पावसाळ्यात नायलॉनच बरा, आणि ओला हार्नेस अंगावर ठेवू नका, पुरळ उठतं.

समोर रिंग लावूनही ओढतंय? मग वस्तू बदलू नका, चालणं बदला. लीश ताणलं की जागेवर थांबायचं, सैल सोडलं की लगेच पुढं, बाजूला चालत असताना खाऊचा तुकडा. पहिल्या दिवशी आम्हाला गल्लीच्या टोकापर्यंत जायला वीस मिनिटं लागली, लोक गॅलरीतून बघत होते. चार दिवस थांबलात आणि पाचव्या दिवशी उशीर झाला म्हणून ओढू दिलंत तर परत पहिल्यापासून. बंड्याला महिना-दीड महिना लागला. चौपाटीवर भेळेच्या गाड्या दिसल्या की अजून झेपावतो, तिथं मी आधीच रस्ता ओलांडतो.