लॅमिनेट फ्लोअरिंगची वॉरंटी कशी वाचायची आणि कशी टिकवायची

लॅमिनेटच्या बॉक्सवर ‘२५ वर्षे वॉरंटी’ असं ठळक छापलेलं असतं. हा आकडा बहुतेक वेळा फक्त झिजेला लागू असतो, तोही राहत्या घरात. पट्टीत चार थर असतात: वर ॲल्युमिनियम ऑक्साइड मिसळलेला पारदर्शक मेलामाइनचा थर, त्याखाली लाकडाचं डिझाइन छापलेला कागद, मग एचडीएफचा, म्हणजे घट्ट दाबलेल्या लाकडी तंतूंच्या फळीचा गाभा आणि तळाला पट्टी वाकू न देणारा थर. वरचा थर पार जाऊन डिझाइनचा कागदच उडाला, तर ती झीज. बऱ्याच कंपन्या त्यातही किमान १ चौरस सेंटीमीटर जागा झिजलेली दिसली पाहिजे अशी अट घालतात. ओरखडे, कमी झालेली चकाकी, कडेचे टवके यात मोडत नाहीत.

खरं तर घरातलं लॅमिनेट झिजून जाण्याआधी पाण्यानं फुगून खराब होण्याची शक्यता जास्त. म्हणून वॉरंटीचा कागद मागून घ्या आणि आधी पाण्याचं कलम वाचा. ‘वॉटर रेझिस्टंट’चा अर्थ साधारणपणे एवढाच, की वर सांडलेलं पाणी ठरलेल्या तासांत पुसलं तर पट्टी फुगणार नाही. खालून येणारी ओल, बाथरूमची गळती, पुराचं पाणी, स्टीम मॉप आणि वाळवी बहुधा वगळलेली असतात.

वॉरंटी घरगुती आहे की व्यावसायिक, हेही पाहा. पुढच्या खोलीत दवाखाना किंवा क्लास चालत असेल, तर तिथं घरगुती वॉरंटी चालत नाही आणि व्यावसायिक मुदत बरीच कमी असते. एसी हा झीज सोसण्याचा वर्ग, आकडा जितका मोठा तितकी फरशी टिकाऊ. घराला एसी३ पुरतो. वर्दळीच्या जागेला एसी४, दुकानाला एसी५ घ्यावा. घर विकलं तर वॉरंटी नव्या मालकाकडे जाते का, मजुरी कोण देणार, हे दुकानदाराला लेखी विचारा.

भरपाई वर्षागणिक घटत असेल, तर हिशेब असा पडतो. समजा १२० चौरस फुटांची खोली आहे, दर १०० रुपये, म्हणजे माल १२,००० रुपयांचा. सरळ घसरणीच्या वॉरंटीत १५ वर्षांनी २५ पैकी १० वर्षं उरतात, म्हणजे ४० टक्के, ४,८०० रुपये. पट्ट्या काढणं, त्यांच्या खाली अंथरायचा फोम, स्कर्टिंग आणि नवी मजुरी बहुधा तुमच्याच खिशातून.

बसवताना

दावा फेटाळण्याची कारणं सर्वांत जास्त इथं सापडतात. कंपनीचं इन्स्टॉलेशनचं पत्रक हे वॉरंटीचाच भाग असतं, आणि फिटरनं ते वाचलेलं नसलं तरी जबाबदारी ग्राहकावर येते. पुढचे आकडे सर्वसाधारण आहेत. तुमच्या पत्रकात वेगळे असतील तर तेच धरा.

बंद बॉक्स त्याच खोलीत आडवे ४८ तास ठेवा. जमिनीवर २ मीटरची सरळ पट्टी ठेवून खाली ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसता कामा नये. जुन्या टाइल्सवर बसवत असाल तर आधी टाइल्स ठोकून पाहा. पोकळ वाजणारी टाइल पक्की करा. नवा सिमेंटचा कोबा असेल तर ओल मोजून घ्या, साधारण मर्यादा २ टक्के. तळमजल्यावर किंवा बंगल्यात ही पायरी कधीच सोडू नका. नुसता फोम ओल अडवत नाही, त्याखाली ०.२ मिलिमीटरचा प्लास्टिक कागद, जोडावर २० सेंटीमीटर एकावर एक आणि टेप मारलेला, भिंतीकडे थोडा वर वळवलेला हवा.

नाशकात सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे भिंतीलगत अपुरी फट. डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या थंडीत पट्ट्या आकसलेल्या असतात, जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली ओल पिऊन त्या रुंद होतात. चारही बाजूंनी, चौकटीशी आणि पाइपाभोवतीही, ८ ते १० मिलिमीटर मोकळी जागा लागते. स्कर्टिंग पातळ आहे म्हणून फिटर ३-४ मिलिमीटरच सोडतो, आणि पावसाळ्यात फरशी मधोमध उचलली जाते. लॅमिनेट तरंगतं, म्हणजे जमिनीला कुठेही न जखडलेलं राहिलं पाहिजे. सुताराने त्यावर वॉर्डरोब उभा करून स्क्रू खाली मारला, किंवा दारामागचा स्टॉपर पट्टीतून आरपार ठोकला, तरी फरशी तिथं अडकते आणि दुसरीकडचे जोड उघडतात.

पट्ट्या उजेडात तपासूनच बसवा. दिसणारा दोष असलेली पट्टी एकदा बसवली की ती तुम्ही स्वीकारली असं मानलं जातं.

काम चालू असताना फोटो काढून ठेवा: बॉक्सवरचा बॅच नंबर, आयात माल असेल तर आयातदाराचं नाव-पत्ता, अंथरलेला प्लास्टिक कागद, आणि फटीत मोजायची टेप धरून दिसणारा आकडा. स्कर्टिंग लागल्यावर यातलं काहीच दिसत नाही. जीएसटीचं पक्कं बिल घ्या. त्यावर मॉडेल, जाडी, एसी वर्ग आणि बॉक्सची संख्या हवी. फिटरचंही वेगळं बिल घ्या. कच्च्या चिठ्ठीवर दावा उभा राहत नाही. त्याच बॅचचा एक बॉक्स जास्तीचा घेऊन ठेवा, डिझाइन बाजारातून लवकर जातं.

पुसायला येणाऱ्या मावशींना पहिल्याच दिवशी सांगा: पोछा घट्ट पिळूनच, बादली फरशीवर नाही, ॲसिड तर मुळीच नाही.

बिघाड दिसल्यावर

पट्टी उचकटू नका. कंपनीच्या माणसाने पाहण्याआधी काढलेल्या फरशीचा दावा बहुधा बाद होतो. ठरलेल्या मुदतीत, अनेकदा ३० दिवसांत, ईमेलने लेखी तक्रार करा. टॉर्च जमिनीलगत आडवा धरून फोटो काढले की उंचवटे स्पष्ट येतात.

तपासणारा काय पाहील ते आधी तुम्हीच पाहा. खोलीभर फक्त जोडांच्या कडा फुगल्या असतील, तर संशय वरून पडलेल्या पाण्यावर जातो. बाथरूमच्या भिंतीलगतचा पट्टाच खराब असेल तर गळतीवर. मध्ये उचललेली आणि भिंतीला टेकलेली फरशी म्हणजे फट कमी. पण कोरड्या खोलीत, फट बरोबर असताना, इकडेतिकडे पट्ट्यांचा वरचा थर सुटू लागला किंवा पट्ट्या एकमेकींत अडकवणारे क्लिकचे दात तुटले, तर मालातला दोष असण्याची शक्यता बळकट आहे, आणि तिथं माघार घेऊ नका.

नकार आला तर कारण लेखी मागा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. पुढची पायरी नाशिकचा जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं, आणि माल-कामासाठी तुम्ही मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. कंपनी फिटिंगवर बोट दाखवते आणि फिटर मालावर, तेव्हा कंपनी, दुकानदार आणि फिटर या तिघांनाही तक्रारीत सामील करा.