झाडू मारू नका: गोल्फ स्विंगमधल्या या चुका टाळा

रविवारी सकाळी रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, तासभर बसलं की तीच तीन-चार दुखणी रांगेने दिसतात. ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायचा क्लब, म्हणजे काठी) नवा, हातमोजा नवा, बूट नवे, आणि चेंडू मात्र केळ्यासारखा वळून उजवीकडच्या जाळीत. मग साहेब मोबाइल काढतात, एक रील बघतात आणि पुढचा चेंडू डावीकडे तोंड करून मारतात. तो आणखी उजवीकडे वळतो. पुढच्या महिन्यात ड्रायव्हर बदललेला असतो.

मुळात घोळ नावांचा आहे. स्लाइस (चेंडू उजवीकडे वळणं), हुक (डावीकडे वळणं), टॉप, फॅट ही फटक्याचं काय झालं त्याची नावं. ओव्हर द टॉप, स्वे, कास्टिंग (मनगटं वेळेआधी सोडणं), चिकन विंग ही तुम्ही काय केलंत त्याची नावं. लोक औषध शोधतात ते पहिल्या यादीवर. (पुढचं सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी. डावखुऱ्यांनी दिशा उलट्या वाचाव्यात.)

स्लाइस. क्लबफेस, म्हणजे क्लबचं चेंडूला लागणारं तोंड, जिकडे बघतो, साधारण तिकडेच चेंडू सुटतो. हवेत तो वळतो फेस आणि क्लबचा मार्ग यांच्यातल्या फरकामुळे. क्लब बाहेरून आत, म्हणजे पलीकडून अंगाकडे, आला आणि फेस त्या मार्गाच्या मानाने उघडा (उजवीकडे वळलेला) राहिला, की झाला स्लाइस. बाहेरून आत का येतो? खाली येताना सुरुवात कमरेने न होता उजव्या खांद्याने होते म्हणून. हेच ते ओव्हर द टॉप. आपल्याकडे गल्लीत क्रिकेट खेळून आलेल्यांच्या तर हे हाडात मुरलेलं असतं. खालच्या हाताने मिडविकेटकडे ओढायचं! तिथे त्याला सहा धावा मिळतात, इथे चेंडू हरवतो.

डावीकडे तोंड करून उभं राहिलं की खांदे आणखी उघडतात, मार्ग आणखी आडवा होतो आणि केळं आणखी मोठं. हे मला ठाऊक आहे, कारण दोन वर्षं मी तेच केलं. वीस यार्ड डावीकडे, मग तीस, मग चाळीस. ऑफिसच्या एका स्पर्धेत पहिल्या टीवर, म्हणजे सुरुवातीचा फटका मारायच्या जागी, मागे पंधरा-वीस माणसं उभी होती. मी सवयीने डावीकडच्या झाडांवर नेम धरला. घाबरून ग्रिप इतकी आवळली होती की काय झालं कुणास ठाऊक, फेस बंद झाला. चेंडू वळलाच नाही. नेम धरला होता तिकडेच सरळ गेला, झाडांमधून पलीकडच्या फेअरवेवर (कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर), आणि एका अनोळखी गृहस्थांच्या बॅगेवर धाडकन आदळला. सावध करायला ‘फोर’ ओरडायचंही मला सुचलं नाही.

माझी बॅग वाहणारे कॅडी मामा शांतपणे म्हणाले, “साहेब, आज स्लाइस आला नाही, म्हणून घोटाळा झाला.”

राउंड संपल्यावर त्यांनीच मला रेंजवर नेलं. “तुम्ही झाडू मारताय, साहेब,” म्हणाले, आणि चेंडूच्या पलीकडे, जरा मागे, पाण्याची रिकामी बाटली उभी केली. बाटलीला न लागता चेंडू मारायचा, एवढंच. पंधरा मिनिटांत बाटलीचा चेंदामेंदा झाला. पुढचे तीन महिने मी ड्रायव्हर बॅगेतून काढला नाही. सेव्हन आयर्न (मधल्या अंतराचा क्लब), अर्धा स्विंग आणि बाटली. ग्रिपही बदलली: खाली बघितल्यावर डाव्या हाताच्या बोटांच्या मुळाची दोन ते अडीच हाडं दिसली पाहिजेत. एकच दिसत असेल तर फेस उघडा राहणारच. तीन महिने ऐकून नवशिके हसतात. हसा.

आणि स्लो मोशनमध्ये स्वतःचा स्विंग बघत बसू नका. खाली येणारा स्विंग पाव सेकंदात संपतो, त्यात विचार करायला जागा नसते. अमेरिकन गोल्फर जिम फ्युरिकचा स्विंग बघा: वर जाताना एक, खाली येताना भलतीच वाट. पण चेंडूपाशी फेस जिथे हवा तिथे. त्याच माणसाने 2016 मध्ये अमेरिकेच्या व्यावसायिक पीजीए टूरवर 58 फटक्यांत अठरा होलचा राउंड खेळला.

टॉप. चेंडू जमिनीवरून सरपटत गेला की शेजारचा शहाणा म्हणणार, “डोकं वर केलंस!” या एका वाक्याने जितके स्विंग बिघडवलेत तितके कशानेच नसतील. हनुवटी छातीत रुतवून उभं राहिलं तर खांदा फिरणार कुठून? बहुतेकदा डोकं वर जातं ते शरीर वर गेल्यामुळे, आणि शरीर वर जातं ते चेंडू उचलायच्या हौसेने. अहो, सेव्हन आयर्नला तीस अंशांच्या आसपास लॉफ्ट, म्हणजे फेसचा तिरकेपणा, दिलाय तो कशाला? उचलायचं काम त्याचं. मी चेंडू न ठेवता दहा वेळा नुसतं गवत घासतो, प्रत्येक वेळी आवाज एकाच जागी येईपर्यंत.

फॅट. चेंडूआधी माती. वजन उजव्या पायावरच राहिलं.

स्वे. फिरायच्या ऐवजी सरकणं. उजव्या पायाच्या बाहेरच्या कडेवर वजन गेलं तर थांबा.

चिकन विंग. डावं कोपर बाहेर. बऱ्याचदा ओव्हर द टॉपचंच पिल्लू असतं. आधी आईला बघा.

शँक. चेंडू होझलला, म्हणजे शाफ्ट जिथे क्लबच्या डोक्यात शिरतो तिथे लागतो आणि जवळजवळ काटकोनात उजवीकडे उडतो. कित्येक जण हा शब्द उच्चारतसुद्धा नाहीत. मी वजन चवड्यांवर गेलंय का ते बघतो आणि क्लब बॅगेत ठेवून चहा पितो. तीन शँकनंतर चौथा मारून बघणं हा निव्वळ हट्ट.

यिप्स. पट, म्हणजे होलजवळचा हलका फटका, मारताना हात अचानक झटका देतात तो प्रकार. दोनदा मास्टर्स ही मोठी स्पर्धा जिंकलेल्या जर्मन गोल्फर बर्नहार्ड लांगरलाही त्याने छळलं. यावर माझा सल्ला घेऊ नका. गेल्याच रविवारी मी दोन फुटांवरून तीन पट घेतले.