सेकंदाला एक फ्रेम पुढे

फोंड्यातल्या आमच्या खोलीत, जुलैच्या पावसात, १६ मिमीच्या जुन्या फिल्म निगेटिव्हचं काम चाललं होतं. कलर करेक्शनच्या (रंग दुरुस्तीच्या) पॅनलवर शॉट निवडला की स्कॅनरने फिल्म त्या शॉटपाशी आणायची. सुरुवातीला जवळपास बरोबर यायची. दहाव्या सेकंदाला साधारण १० फ्रेम पुढे, मिनिटाला ६०. एका शॉटचे रंग भलत्याच शॉटवर!

पहिला संशय केबलवर. गोव्याच्या दमटपणात कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात, म्हणून स्कॅनरला आज्ञा पोचवणारी आरएस-४२२ची नऊ पिनांची केबल पुसली, मग बदललीही. फरक शून्य. खरं तर तेव्हाच कळायला हवं होतं: केबल बिघडली तर आज्ञा मध्येच तुटतात, चूक अशी शिस्तीत वाढत नाही.

खरी गोम हिशेबात होती. शॉटची यादी सेकंदाला २४ फ्रेमच्या हिशेबाने होती, प्रोजेक्ट मात्र २५वर. दहावा सेकंद म्हणजे यादीत २४०वी फ्रेम, सॉफ्टवेअर मागत होतं २५०वी. प्रोजेक्ट नव्याने २४वर केला.

तरी दोन फ्रेमची चूक उरलीच, पण सगळीकडे सारखीच. हे दुखणं वेगळं. रिळाच्या तोंडाशी पंच केलेल्या भोकाच्या फ्रेमवर मोजणीचं शून्य लावलंच नव्हतं. माझाच आळस. ते लावलं आणि कट जागेवर बसले.