१:४३ मापाच्या कंट्री स्क्वायर मॉडेलच्या दारावरचं 'लाकूड' पांढुरकं पडलं, त्यावरचा उपाय

फोर्डच्या कंट्री स्क्वायर या स्टेशन वॅगन गाडीला 1951 पर्यंत खरं लाकूड होतं. 1952 पासून पोलादी अंगावर लाकडी नक्षीची फिल्म आली. म्हणजे मॉडेलवरचं डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील पातळ फिल्म) हे नकलेचीच नक्कल!

डेकलखाली ही पांढुरकी, चंदेरी झाक दिसते ती अडकलेल्या हवेची. मॅट रंग सूक्ष्म खडबडीत असतो, फिल्म त्याला पूर्ण चिकटत नाही. झाक थोडी असेल तर तिथे बारीक सुईने टोचे मारून मायक्रो सोलचा (डेकल मऊ करणाऱ्या द्रवाचा) थेंब सोडला की बहुतेक वेळा भागतं.

माझ्या मॉडेलवर भागलं नाही. जुनं डेकल कोमट पाण्यात भिजवून टेपने उचललं, ग्लॉस क्लिअरचे (चकचकीत पारदर्शक वार्निशचे) 2 पातळ हात दिले आणि 24 तास वाळू दिलं. नवं डेकल इंकजेटवर छापलं. डेकलचा कागद पांढऱ्या फिल्मचाच घ्या. पारदर्शक कागदावर गाडीचा रंग आरपार दिसून लाकूड मळकट वाटतं. छपाईवर क्लिअरचे 3 हात हवेतच, नाहीतर पाण्यात शाई पसरते.

आधी मायक्रो सेट (डेकल नीट चिकटावं म्हणून खाली लावायचा द्रव), मग डेकल, वरून सोल. डेकलला सुरकुत्या पडतील. त्याला हात लावायचा नाही, फाटतं. वाळताना आपोआप बसतं. मग दाराच्या फटीवरून नव्या ब्लेडने कापून पुन्हा सोल.

लाकडाच्या रेषा मात्र बारीकच छापा: या मापात 1 मिमी म्हणजे खऱ्या गाडीवर 43 मिमी.