मुंबई-लंडन तिकिटावरची वेळ नीट वाचा
मुंबई ते लंडन सरळ अंतर साधारण ७,२०० किमी, डायरेक्ट फ्लाइटला ९-१० तास लागतात. पण तिकिटावर दुपारी २ ला निघून संध्याकाळी ७ ला पोचणार असं दिसतं आणि घरचे म्हणतात अरे पाचच तास! तसं नाहीये, दोन्ही वेळा तिथल्या तिथल्या लोकल असतात, त्यात साडेचार तास मिळवायचे (ऑक्टोबर अखेर ते मार्च अखेर साडेपाच) मग खरा प्रवास कळतो. येताना तेवढेच वजा करा. परतीचं विमान बहुतेकदा कमी वेळ घेतं, वरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेला वाहतात ना. आईला पाठवताना तिचं घड्याळ प्रवासभर भारतीय वेळेवरच ठेवायला सांगितलं आणि गोळ्यांच्या डबीवर तीच वेळ लिहिली, बीपीची एकही गोळी चुकली नाही.